उतार म्हणजे उपचार नव्हे

परतीचा पाऊस थांबतो, पहाटे गारवा आणि दुपारी ऊन अशी आश्विनातली हवा सुरू होते, आणि बालरोगतज्ज्ञाच्या ओपीडीतली गर्दी पालटते. पावसाळ्यातले ताप आणि जुलाब मागे पडतात. त्यांच्या जागी रात्रभर खोकून दमलेली मुलं येऊ लागतात. पोट उडत असतं, दोन बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात असते, आणि छातीतली बारीक शिट्टी स्टेथोस्कोप न लावताही ऐकू येते. आईवडिलांचं मागणं बहुतेक वेळा एकच असतं : “डॉक्टर, वाफ द्या.” मशीन लागतं, पंधरा-वीस मिनिटांत मुलाचा श्वास सैलावतो, ते आईच्या खांद्यावर मान टाकून झोपतं, आणि घरच्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. आमच्या कामात इतक्या लवकर, इतकं डोळ्यांदेखत यश क्वचितच मिळतं. आणि बालदम्याच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त धास्ती याच यशाची वाटते. उतार पडला म्हणजे उपचार झाला, असं घर धरून चालतं. पुष्कळदा डॉक्टरही तसंच धरून चालतो. गेल्या सत्तर वर्षांत दम्याच्या औषधांत जी प्रगती झाली तिचं सार मला असं दिसतं : उतार देणारं औषध वेगळं, आजार आवरणारं औषध वेगळं, आणि पहिलं एकटंच देत राहणं धोक्याचं. हे शिकायला वैद्यकाला फार मोठी किंमत पडली, आणि त्या किमतीतला मोठा वाटा मुलांनी भरला. आपल्याकडे ते अजून पुरतं शिकून झालेलं नाही.

आधी श्वासनलिकेत काय घडतं ते पाहू. दम्याच्या झटक्यात दोन गोष्टी एकाच वेळी होतात. नळीभोवतीचा स्नायू आवळतो, आणि नळीच्या आतलं अस्तर सुजून त्यावर चिकट कफ साचतो. नळीतून हवा सुरळीत वाहत असेल तेव्हा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे त्रिज्या अर्ध्यावर आली की अडथळा सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या रुंद नळीत एका मिलिमीटरची सूज खपून जाते, लहान मुलाच्या बारीक नळीत तीच सूज श्वास कोंडते. साल्ब्युटामॉलसारखं औषध स्नायू सैल करतं. पाच मिनिटांत गुण दिसू लागतो आणि चार-सहा तास टिकतो. पण अस्तराच्या सुजेवर त्याचा उपयोग जवळजवळ नाही. सूज उतरवायचं काम श्वासातून घेतलेलं स्टिरॉइड करतं, आणि ते सावकाश करतं : पेशींमधली दाह घडवणारी यंत्रणाच ते मंद करत नेतं, त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. त्यामुळे घरात एक विपरीत हिशोब तयार होतो. जे औषध मुळाला हात लावत नाही त्याचा गुण लगेच दिसतो, आणि जे मुळाशी काम करतं ते घेतल्यावर त्या दिवशी तरी काहीच झाल्यासारखं वाटत नाही. कोणतंही समजदार घर अनुभवावरून पहिल्यावर विश्वास टाकील आणि दुसरं अर्ध्यावर सोडील. घरं नेमकी तेच करतात. त्यात त्यांच्या अडाणीपणाचा काही प्रश्न नाही.

वैद्यकशास्त्रसुद्धा याच अनुभवाने फसलं होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, इफेड्रिनच्या गोळ्या आणि थिओफायलिन यांवर दम्याचे उपचार चालत. थिओफायलिनच्या गुणाचा डोस आणि विषारी डोस यांत अंतर इतकं थोडं की मुलांना उलट्या, धडधड आणि क्वचित फेफऱ्यासारखे झटकेही येत. मग १९५६ मध्ये अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजने ठरावीक मात्रा फवारणारा पंप बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं होतं, की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं दम्याचं औषध का मिळू नये? एका मुलीच्या साध्या प्रश्नातून आलेलं हे साधन आजही दम्याच्या उपचारांचा पाया आहे. पण त्या पंपात तेव्हा भरलं होतं ते फक्त उतार देणारं औषध, आणि साठच्या दशकात ब्रिटनमध्ये आयसोप्रेनलिनचे अधिक तीव्र पंप सर्रास वापरात आले. फ्रँक स्पायझर आणि रिचर्ड डॉल यांनी १९६८ मध्ये इंग्लंड-वेल्सचे आकडे मांडले. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांत दम्याने होणारे मृत्यू सात वर्षांत जवळपास आठपट झाले होते. १९५९ साली त्या वयातल्या एकूण मृत्यूंपैकी एक टक्का दम्याचे होते, ते १९६६ मध्ये सात टक्क्यांवर गेले. पुढे १९७६ पासून न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल या तशाच तीव्र औषधाबरोबर मृत्यूंची दुसरी लाट आली. औषधाने थेट हृदयावर घाव घातला, की पंपाच्या भरवशावर कुटुंबांनी दवाखाना गाठायला उशीर केला, यावर वाद झाले, आणि दोन्ही कारणांना आधार आहे. मला त्यातलं दुसरं कारण जास्त शिकवतं. पंपाने स्नायू सैल होत राहिला, मूल तात्पुरतं उठून बसत राहिलं, आणि आत सूज वाढत वाढत नळ्या कफाने बुजून गेल्या.

सुजेवरचं औषध त्याच सुमारास हाती येत होतं. कॉर्टिसोनचा शोध पन्नाशीपर्यंत लागला होता आणि दम्यावर त्याचा गुण थक्क करणारा होता. पण रोज पोटातून घेतलेल्या स्टिरॉइडने मुलांचे चेहरे सुजत, उंची खुंटत, हाडं ठिसूळ होत. ‘स्टिरॉइड’ या शब्दाची जी भीती आज आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या मनात आहे, ती तिथून आली आणि तेव्हा ती रास्तच होती. १९७२ मध्ये बेक्लोमेथासोनचा पंप आला आणि चित्र बदललं. औषध तेच राहिलं असं नाही, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाट बदलली. जिथे सूज आहे तिथेच थेंबाहून लहान मात्रा पोचू लागली, आणि मिलिग्रॅमची भाषा जाऊन मायक्रोग्रॅमची आली. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात पाच ते चव्वेचाळीस वर्षांच्या तीस हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासून सामी सुईसा आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, की वर्षभरात कमी मात्रेच्या स्टिरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला तसतसा दम्याने मरण्याचा धोका एकवीस टक्क्यांनी घटत गेला. हा नोंदींवरचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नाही, हे मान्य. पण त्याचं म्हणणं शरीरशास्त्राशी जुळतं, आणि पुढच्या सगळ्या पुराव्यांशीही.

इथे पहिला आणि सगळ्यात जिव्हाळ्याचा आक्षेप येतो : मुलाची वाढ खुंटेल. हा आक्षेप उडवून लावणारे डॉक्टर चूक करतात, कारण त्यात तथ्य आहे आणि ते तथ्य मोजलेलं आहे. अमेरिका आणि कॅनडात पाच ते बारा वर्षांच्या १०४१ मुलांवर झालेला ‘कॅम्प’ हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात काही मुलांना चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड श्वासातून दिलं गेलं. ती मुलं मोठी झाल्यावर पुन्हा मोजली, तेव्हा त्यांची सरासरी उंची औषध न मिळालेल्यांपेक्षा १.२ सेंटिमीटरने कमी भरली. ही घट औषधाच्या सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतली होती. ती वर्षागणिक वाढत गेली नाही. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. त्याच अभ्यासात तातडीने डॉक्टर गाठावा लागण्याचे प्रसंग दरवर्षी शंभर मुलांमागे बावीसवरून बारावर आले, आणि रुग्णालयात भरती होणंही जवळजवळ त्याच प्रमाणात घटलं. शिवाय आज बहुसंख्य मुलांना त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी मात्रा पुरते. आईवडिलांपुढे मी हा आकडा लपवू नये असं मला वाटतं. सेंटिमीटरभर उंचीची शक्यता आणि मध्यरात्री कोंडलेला श्वास, यांतलं काय पत्करायचं हे आकडा समोर असेल तर बहुतेक घरं नीट ठरवतात. आकडा लपवला तर शेजारचं कुणीतरी तो दहापट करून सांगतं.

या भीतीचा आणखी एक पैलू कागदावर मांडून दाखवावा असा आहे. वीस किलोच्या मुलाला वर्षभर रोज २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड पंपातून दिलं, तर वर्षाचं सगळं औषध ७३ मिलिग्रॅम भरतं. त्याच मुलाला झटका आला आणि पाच दिवस प्रेडनिसोलोनचं सिरप किलोमागे एक मिलिग्रॅमप्रमाणे द्यावं लागलं, तर ते १०० मिलिग्रॅम होतं. वजनाला वजन ही तुलना काटेकोर नाही, कारण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम धरलं तर बुडेसोनाइड जास्त प्रभावी आहे. पण त्याचा जो भाग गिळला जातो त्यातला सुमारे नव्वद टक्के यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं. पोटातून दिलेलं प्रेडनिसोलोन मात्र जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. म्हणजे पंपातलं स्टिरॉइड नको म्हणून वर्षातून तीन-चार झटके सोसणारं मूल स्टिरॉइडपासून वाचत नाही. ते स्टिरॉइड त्याला बाटलीतून, अंगभर आणि जास्त मिळतं. उतार देणाऱ्या औषधाचं गणितही असंच आहे. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम असतात. त्याच औषधाच्या साध्या सिरपच्या एका चमच्यात दोन मिलिग्रॅम, म्हणजे वीस दाबांएवढं औषध असतं. पंप ‘स्ट्राँग’ म्हणून टाळायचा आणि सिरप ‘साधं’ म्हणून पाजायचं, या आपल्या घरोघरच्या समजुतीत मूल थरथरतं, त्याची छाती धडधडते, आणि गुण मात्र उशिरा आणि कमी येतो.

दुसरा आक्षेप सवयीचा : “एकदा पंप लागला की तो सुटत नाही.” याचं उत्तर देताना एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. श्वासातलं स्टिरॉइड दमा मुळासकट काढत नाही. दोन-तीन वर्षांच्या २८५ मुलांना दोन वर्षं हे औषध देऊन तिसऱ्या वर्षी ते थांबवलं, असा ‘पीक’ नावाचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध चालू असताना मुलं बरी राहिली. थांबवल्यावर तो फरक पुसला गेला. ‘कॅम्प’मध्येही तसंच दिसलं. पण याला सवय म्हणत नाहीत. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात. शाकारण्याने पाऊस थांबत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा शाकारावं लागतं, म्हणून घराला शाकारण्याची सवय लागली असं कुणी म्हणत नाही; भिंती उभ्या राहिल्या एवढं पुरतं. दम्यातही औषधाची मात्रा ऋतू आणि त्रास पाहून कमी करत नेता येते, आणि पुष्कळ मुलांत ते थांबवताही येतं. मुलाने वर्गात पूर्ण वर्ष बसावं, कबड्डी खेळावी, रात्री सलग झोपावं, हे ज्या काळात व्हायला हवं तो काळ वाट पाहत नाही. त्या काळापुरत्या भिंती कोरड्या राहणं हा छोटा लाभ नाही.

तिसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे : मूल मोठं झालं की दमा आपोआप जातो, मग औषध कशाला? ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये १९८० पासून १२४६ नवजात बालकांचा मागोवा घेतला गेला. त्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की पहिल्या तीन वर्षांत ज्यांची छाती वाजत होती त्यांतल्या सुमारे साठ टक्के मुलांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत गेलेला होता. तेव्हा सर्दीपडशात छाती वाजणाऱ्या प्रत्येक तान्ह्या बाळाला रोजचं स्टिरॉइड सुरू करणं चुकीचंच आहे, आणि ते टाळणाऱ्या डॉक्टरवर पालकांनी विश्वास ठेवावा. पण उरलेली चाळीस टक्के मुलं खरी आहेत, आणि त्यांना ओळखण्याच्या खुणाही आहेत : अंगावर खाज-इसब, घरात दमा किंवा ॲलर्जी, सर्दी नसतानाही खोकला, खेळताना किंवा हसताना लागणारी धाप. अडचण अशी की आपण या मुलांना नावच देत नाही. ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’, ‘छातीत कफ’, ‘बाळसर्दी’, कधी ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ समजून क्षयाची औषधं, असं सगळं होतं. ‘दमा’ हा शब्द मात्र मुलीच्या लग्नापर्यंतचा विचार करून टाळला जातो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लोबल ॲस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या अभ्यासात नऊ केंद्रांपैकी एक पुणं होतं. छाती वाजत असलेल्यांपैकी सुमारे ब्याऐंशी टक्के लोकांना दमा असल्याचं कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि रोज श्वासातलं स्टिरॉइड घेणारे अडीच टक्क्यांहून कमी होते. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त भारतात होतात, या दोन आकड्यांमधलं अंतर मला याच अडीच टक्क्यांत दिसतं.

आता प्रगतीचा सगळ्यात ताजा टप्पा. इतकी वर्षं डॉक्टरांचा सल्ला असा होता : त्रास झाला की उताराचा पंप, आणि रोज न चुकता आजार आवरायचा पंप. माणसं पहिला घेत, दुसरा विसरत. हे बदलण्यासाठी पुष्कळ समुपदेशन झालं आणि त्याचा परिणाम थोडाच झाला. मग प्रश्न उलटा विचारला गेला : माणूस त्रास होईल तेव्हाच औषध घेणार असेल, तर त्या वेळच्या पंपातच सुजेवरचं औषध का घालू नये? फॉर्मोटेरॉल हे औषध झटपट स्नायू सैल करतं आणि बारा तास टिकतं. ते बुडेसोनाइडबरोबर एकाच पंपात बसतं. मोठ्या माणसांवरच्या आणि किशोरांवरच्या प्रयोगांनंतर २०१९ मध्ये दम्याची जागतिक मार्गदर्शक संस्था ‘जिना’ने बारा वर्षांवरच्या कुणालाही फक्त उताराचा पंप देऊ नये असं स्पष्ट सांगितलं. लहान मुलांबाबत पुरावा अपुरा होता. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये न्यूझीलंडचा ‘केअर’ अभ्यास आला. सौम्य दमा असलेल्या पाच ते पंधरा वर्षांच्या ३६० मुलांपैकी निम्म्यांना त्रास होईल तेव्हा साल्ब्युटामॉल, आणि निम्म्यांना त्रास होईल तेव्हा बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकत्र पंप दिला. एकत्र पंपाच्या गटात झटके पंचेचाळीस टक्क्यांनी कमी झाले. ज्या देशाने फेनोटेरॉलची लाट भोगली, त्याच देशातून हे उत्तर यावं, यात मला त्या मुलांचं ऋण फेडल्यासारखं काहीतरी वाटतं. एका देशातला, सौम्य दम्यापुरता हा अभ्यास आहे. मुलाचं वय आणि आजाराची तीव्रता पाहून निर्णय डॉक्टरनेच घ्यायचा आहे. पण दिशा साफ आहे. औषधाने माणसाची सवय ओळखून स्वतःला बदललं, हे मला नव्या रेणूच्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

यावर कुणी म्हणेल की आता इंजेक्शनं आली आहेत, मग या जुन्या पंपांची चर्चा कशाला? शरीरातल्या दाहाच्या साखळीतली एकेक कडी नेमकी अडवणारी ही प्रतिपिंडं खरोखर मोठी झेप आहेत. ओमॅलिझुमॅबला अमेरिकेत २००३ मध्ये मोठ्यांसाठी आणि २०१६ मध्ये सहा वर्षांवरच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. पुढे मेपोलिझुमॅब आणि २०२१ मध्ये ड्युपिलुमॅब लहान मुलांसाठी आलं. ड्युपिलुमॅबच्या ४०८ मुलांवरच्या चाचणीत विशिष्ट प्रकारचा दाह असलेल्या मुलांचे तीव्र झटके सुमारे एकोणसाठ टक्क्यांनी घटले. सगळे मार्ग थकलेल्या मुलाच्या घरी या आकड्याचा अर्थ काय होतो ते शब्दांत सांगणं कठीण आहे. पण हे सगळे रेणू सुजेवर काम करतात, स्नायूवर नाही. म्हणजे तेही त्याच धड्याचं पुढचं पान आहेत. ही इंजेक्शनं महाग आहेत, मोजक्या मुलांसाठी आहेत, आणि ती सुरू करण्याआधी साधा पंप नीट घेतला जातो का हे पाहावंच लागतं. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून आलेल्या पुष्कळ मुलांत औषध छातीपर्यंत पोचतच नसतं, हा आमच्या धंद्यातला रोजचा अनुभव आहे. पंपाऐवजी चघळायची गोळी सोपी म्हणून माँटेलुकास्टकडे वळणाऱ्या पालकांनाही सांगायला हवं, की ती स्टिरॉइडइतकी परिणामकारक नाही, आणि झोप-स्वभावावरच्या दुष्परिणामांमुळे २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला.

म्हणून पंप मुलाच्या तोंडापर्यंत कसा जातो याकडे रेणूइतकंच लक्ष द्यायला हवं. पंप हलवायचा, स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या पोकळ नळकांड्याला, लावायचा, मास्क नाक-तोंडावर फट न ठेवता बसवायचा, एकच दाब द्यायचा, आणि मुलाला पाच-सहा संथ श्वास घेऊ द्यायचे. दुसरा दाब हवा असेल तर अर्धा मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यायचा. फडक्याने पुसला तर प्लॅस्टिकवर विद्युतभार जमतो आणि औषध भिंतींना चिकटून बसतं. दोन दाब एकदम देणं, रडणाऱ्या मुलावर मास्क दाबणं, रिकामा डबा महिनाभर वापरणं, या तीन चुका सुधारल्या तरी कितीतरी मुलांचं ‘औषध बदलण्याची’ गरज संपते. खर्चाचा आक्षेप खरा आहे. पण केपटाउनमधल्या हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला भोक पाडून पंप घट्ट बसवला तर ती विकतच्या स्पेसरइतकंच काम करते. झटक्यातसुद्धा बहुतेक मुलांना पंप-स्पेसर मशीनइतकाच गुण देतो. मशीनमधून येते ती वाफ नसून औषधाचे थंड तुषार असतात, आणि घरी गरम पाण्याची वाफ देऊन दमा उतरत नाही, मूल भाजू मात्र शकतं. बुडेसोनाइड आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल दोन्ही भारताच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात दिसली पाहिजे, हे मागणं अवाजवी नाही.

आपल्याकडे कोजागरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध देण्याची प्रथा अनेक गावांत आहे. मृगाच्या सुमाराला कितीतरी लोक हैदराबादला माशातून मिळणाऱ्या औषधासाठी जातात. त्या श्रद्धेमागे रात्र रात्र मूल छातीशी धरून बसलेल्या आईबापांची तळमळ आहे आणि तिचा अनादर करायची माझी इच्छा नाही. पण दमा भरती-ओहोटीने चालणारा आजार आहे. भरतीच्या टोकाला जे कराल त्यानंतर ओहोटी येतेच, आणि श्रेय त्या शेवटच्या उपायाला जातं. मशीनच्या एका वाफेलाही आपण असंच श्रेय देतो. खीर घ्यावीशी वाटली तर घ्यावी. तिच्यासाठी रोजचा पंप मात्र थांबवू नये.

या सगळ्यातून दवाखान्यात काय बदलायला हवं? मला वाटतं, प्रश्न बदलायला हवा. “आता बरं आहे ना?” या प्रश्नाला दमेकरी मूल जवळजवळ नेहमी ‘हो’ म्हणतं. त्याऐवजी विचारावं : गेल्या महिन्यात खोकल्याने किती रात्री जाग आली? खेळ अर्ध्यावर किती वेळा सोडला? उताराचे किती पंप संपले? एका पंपात साधारण दोनशे दाब असतात. वर्षाला तीन पंप संपले तर झटक्याचा धोका वाढतो, बारा संपले तर मृत्यूचा, असं ‘जिना’ सांगते. ब्रिटनमध्ये २०१४ साली दम्याच्या १९५ मृत्यूंची छाननी झाली. उताराच्या पंपांची नोंद मिळाली अशा रुग्णांपैकी एकोणचाळीस टक्के जणांना मृत्यूआधीच्या वर्षात बारांहून जास्त पंप लिहून दिले गेले होते. इशारा प्रत्येक चिठ्ठीवर होता. चिठ्ठ्या कुणी एकत्र मोजल्या नव्हत्या. आपल्याकडे चिठ्ठ्याही नसतात, रिकामे डबे कचऱ्यात जातात. ते घरात एका पिशवीत साठवून फॉलोअपला आणा, एवढं पालकांना सांगणं कोणत्याही डॉक्टरला जमण्यासारखं आहे. आणि मूल बरं असताना आणा. आपल्याकडे मूल आजारी पडलं की दवाखाना गाठायची रीत आहे. दम्यात मात्र धावतं-खेळतं, रात्री शांत झोपणारं मूल घेऊन येणं हाच उपचाराचा मुख्य भाग आहे. आश्विनात वाफेसाठी लागणारी रांग कमी करायची असेल, तर ती श्रावणातच, कसलाही त्रास नसलेल्या मुलांच्या तपासणीने करावी लागेल.